लिफ्ट आत्ता ठीक आहे

एक मनुका. ती तळहातावर घ्यायची, बघायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची. चावायची नाही. चावायची घाई म्हणजे भविष्यकाळ.

गॅस बंद आहे. गॅस बंद होता. गॅस बंद असेल.

खालच्या मजल्यावरच्या कापडवाल्यांच्या छतावरचा ओला डाग. आकार बसलेल्या बदकाचा.

“कारण या रकान्यात काय लिहू?”

आत माणूस नाही, वीज तोडलेली, तरी लिफ्ट वर चाललेली.

निश्चिंत माणूस कसा ओळखावा? त्याच्या घरातल्या सगळ्या किल्ल्या त्याच्या बायकोकडे असतात.

*

वरचं सगळं एकाच माणसाच्या वाट्याला एकाच पंधरवड्यात आलं. तो लिफ्टतपासनीस होता. शहरातली प्रत्येक लिफ्ट वर्षातून एकदा तपासायची आणि तिला सर्टिफिकेट द्यायचं, असं ते सरकारी काम. लोकांना वाटतं, लिफ्ट तपासायची म्हणजे लिफ्टमध्ये उभं राहून वर जायचं आणि खाली यायचं. तसं असतं तर ही नोकरी लहान मुलांनी बिनपगारी केली असती. लिफ्टमध्ये तपासायचं असतं ते अजून न झालेलं. दोर तुटलेला नसतो, तो कधी तुटेल ते बघायचं. दार अडकलेलं नसतं, ते कुणाचा हात असताना अडकेल ते बघायचं. थोडक्यात, सरकार त्याला काळजी करण्याचा पगार देत होतं, आणि त्याच्याइतकं इमानेइतबारे काम सरकारात दुसरं कुणी करत नव्हतं.

घरी हेच काम तो फुकट करी. गॅस, कडी, नळ, इस्त्री, मुलगी घरी पोचली का, आणि पोचली असेल तर इतक्या लवकर कशी पोचली. काळजी हे त्या घरातलं त्याच्याकडे सोपवलेलं खातं होतं. बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी त्या जोरावर ताणून झोपत आणि सकाळी उठून त्याची टिंगल करत. सासरी त्याला ‘काळजीवाहू’ म्हणत.

मग खात्याच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघून भुवया उंचावल्या, आणि पुन्हा फुगवला.

“बीपी चढलंय. असं बीपी घेऊन तुम्हाला लिफ्टच्या माथ्यावर चढू देता येणार नाही. नियम आहे. पंधरा दिवसांची मुदत देतो, मग या. तेव्हाही खाली आलेलं नसलं, तर टेबलावर.”

टेबल म्हणजे आवक-जावक. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. त्या टेबलावर सध्या बसणारे गृहस्थ दिवसभर खिडकीतली कबुतरं मोजत आणि तीही चुकवत. तपासनिसाला यंत्रखोल्या आवडत. तिथला तेलाचा वास, चाकाचा घरघराट, खाली थेट तळापर्यंत दिसणारी अंधारी विहीर, सगळं आवडे. त्या उंचीवर त्याला कुणी काळजीवाहू म्हणत नसे. तिथे त्याला साहेब म्हणत.

“गोळ्या देतो,” डॉक्टर म्हणाले, “पण खरं औषध एकच. काळजी सोडा.”

“मी सोडली तर करणार कोण?”

डॉक्टरांना हा विनोद वाटला. ते मनापासून हसले.

*

बातमी त्याच्या आधी घरी पोचली आणि जिन्यात सल्ल्यांचा पट्टा सुरू झाला. कापडवाले म्हणाले, मीठ सोडा. समोरच्या शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, मीठ राहू दे, बातम्या सोडा. त्यांच्या यजमानांनी चहा सोडायला सांगितलं आणि स्वतःचा कप खाली ठेवून “मी सोडणारच आहे” असंही सांगितलं. कुणी म्हणालं उशी सोडा. अनवाणी चालायचं म्हणून कुणी चपला सोडायला लावल्या. एकाही माणसाने काही धरायला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या तब्येतीसाठी काय काय सोडता येतं, याबाबतीत आपल्या लोकांचं औदार्य बघण्यासारखं असतं.

शेवटी बायको म्हणाली, “अहो, वरच्या आत्तारामांच्या वर्गाला जाऊन तर बघा.”

आत्ताराम वरच्या मजल्यावर राहत. खरं नाव दारावरच्या पाटीला ठाऊक. ते रोज पहाटे आपल्या दिवाणखान्यात दहाबारा चिंताग्रस्तांना गोल बसवून वर्तमानात जगायला शिकवत. नोकरीत असताना ते एका मोठ्या कंपनीत माणसं कमी करायच्या खात्याचे प्रमुख होते. उद्याचा विचार करू नका, हे वाक्य त्यांच्या जिभेवर तेव्हापासून बसलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी फक्त आवाज मऊ केला.

“आत्ता काय चाललंय?” त्यांनी पहिल्याच दिवशी तपासनिसाला विचारलं.

“आत्ता... मी दार नीट लावलं की नाही ते आठवतोय.”

“ते झालं मागचं. आत्ता?”

“नसेल लागलं तर काय होईल, ते.”

“ते पुढचं. आत्ता, या क्षणी?”

तपासनिसाने प्रामाणिकपणे शोधलं. या क्षणी काहीच नव्हतं. गुडघा थोडा दुखत होता.

“गुडघा दुखतोय.”

“सुंदर!” आत्ताराम म्हणाले. वर्गाने मान डोलावली. इतक्या वर्षांत त्याच्या गुडघ्याला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग मनुका झाल्या. मनुका जिभेवर ठेवून दहाबारा प्रौढ माणसं डोळे मिटून बसलेली असताना स्वयंपाकघरातून आत्तारामांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज येत होता. काकू फोनवर नळ दुरुस्त करणाऱ्याला झापत होत्या, मध्येच औषधवाल्याला ‘यांच्या’ गोळ्या संपत आल्याचं कळवत होत्या, आणि संध्याकाळी कुणाला तरी आणायला जायचं होतं त्याची गाडी ठरवत होत्या. आत्ताराम वर्तमानात राहत होते, कारण त्यांचा अख्खा पुढचा महिना काकू एकट्याने ओढत होत्या. वर्गात कुणी त्यांच्या त्या आवाजाकडे लक्ष दिलं नाही. एकदा तो फारच चढला तेव्हा आत्ताराम मंद हसून म्हणाले, “आवाज येतोय. येऊ द्या.”

*

तपासनीस मुळात कसोशीचा माणूस. निश्चिंत व्हायचं ठरलं तर तेही कसोशीनेच. त्याने झोपण्यापूर्वी गॅस बघणं बंद केलं. पहिल्या दिवशी दूध उतू जाऊन ओटाभर झालं. त्याने ते पुसलं नाही, पाहिलं. फेसाच्या कडेला सोनेरी रेघ असते हे त्याला नव्यानेच कळलं. बायकोला ते आधीपासून माहीत होतं, कारण पुसत तीच होती.

चौथ्या का पाचव्या दिवशी त्याने न्हाणीघरातला नळ सोडला, त्याखाली बादली सरकवली आणि शेजारी पाटावर बसून पाणी बघू लागला. बादली भरली. मग वाहू लागली. तो आत्ताचा क्षण इतका भरगच्च होता की त्यातून उठावंसं वाटेना. दारावर धपाधप थापा पडल्या. कापडवाले होते, बनियनवर.

“अहो, माझ्या छतातून पाणी गळतंय!”

“हो,” तपासनीस शांतपणे म्हणाला, “आत्ता गळतंय.”

“आत्ता म्हणजे? कपाटावर गळतंय! आत सगळा माल आहे माझा!”

“तो भिजला का?”

“भिजेल ना!”

“ते पुढचं,” असं म्हणून तपासनिसाने त्यांच्याकडे करुणेने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच दुसरं कुणी काळजी करत होतं आणि तो वरून बघत होता. किती कुरूप दिसतो माणूस काळजी करताना, असं त्याला वाटलं. कापडवाल्यांनी मग जे म्हटलं तेही त्याने येऊ दिलं.

मुलगी एका संध्याकाळी पर्स फेकून सोफ्यावर बसली. “बाबा, आज तुम्ही एकदाही फोन केला नाहीत, कुठे आहेस म्हणून.”

“नाही केला.”

“बरं वाटलं.” ती थोडा वेळ पायातले बूट काढत राहिली. “पण म्हणजे, मी कुठे होते हे तुम्हाला विचारायचंसुद्धा नाहीये?”

“आत्ता तू इथे आहेस.”

“हे असलं मला नका सांगू,” ती म्हणाली आणि दार आपटून आत गेली.

पण बीपी उतरत होतं. आत्तारामांकडे घरचं यंत्र होतं, त्यात ते रोज बोटाबोटाने खाली येत होतं, आणि शेवटी एका सकाळी त्यांनी आकडा वर्गाला मोठ्याने वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. त्याच धुंदीत तपासनीस कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीत लिफ्ट तपासायला गेला. यंत्रखोलीची बंदी अजून लागू व्हायची होती. पंधरा दिवस मुदत होती ना.

त्या इमारतीत खाली औषधांचं दुकान, मग शिवणवर्ग, मग हिशेबनिसांचं ऑफिस, आणि सगळ्यात वर दंतवैद्य. दरवर्षी तो तिथे अर्धा दिवस घालवी आणि व्यवस्थापकाचं डोकं उठवी. या वर्षी तो लिफ्टमध्ये शिरला, दार लागलं, आणि त्याने डोळे मिटले. तळव्यांना जमीन लागत होती. श्वास येत होता. लिफ्ट वर निघाली तेव्हा पोटात किंचित ओढ जाणवली. त्याने ती येऊ दिली. वरच्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि थांबल्यावर बोटभर सरकली. आत्ता लिफ्ट सरकली, असं त्याने मनात नोंदवलं. छान.

मग खाली उतरून सही केली.

यंत्रखोलीत तो चढलाच नाही. दोर तुटू शकतो हे पुढचं; गेल्या वर्षी तो कसा होता हे मागचं. आत्ता लिफ्ट उत्तम होती. वर्तमानकाळात कुठलीही लिफ्ट उत्तमच असते, अगदी आपटायच्या क्षणापर्यंत. हे तत्त्वज्ञान लिफ्टला लावून बघायला कुणीतरी हवं होतं. सरकारने त्यासाठी आपला सगळ्यात इमानी माणूस दिला.

व्यवस्थापक खूश झाला. “साहेब, या वेळी चहा यायच्या आत आटपलंत!” सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत घालून त्याने लिफ्टमध्ये लावलं.

*

आठवडा गेला. बीपी द्यायचा दिवस उजाडला. पहाटेच्या वर्गात आत्ताराम म्हणाले, “आज आवाज ऐकायचे. नाव द्यायचं नाही. चांगला-वाईट म्हणायचं नाही.”

सगळे ऐकू लागले, छत गळल्यापासून वर्गाला येणारे कापडवालेसुद्धा. पंखा. काकू. रस्त्यावर कुणीतरी जड पेटी फरशीवरून ओढत होतं; पेटी थांबली आणि थांबल्यावर बोटभर सरकली. खर्रर्र.

तपासनिसाने डोळे उघडले. अंगाला दरदरून घाम फुटला होता.

“ब्रेक!” तो ओरडला.

“नाव नाही द्यायचं,” आत्ताराम म्हणाले.

“अहो, ब्रेक घसरतोय तिचा! थांबल्यावर सरकली ती! मला कळलं होतं! मी बघितलं आणि छान म्हटलं!”

“ते झालं मागचं...”

“ती आत्तासुद्धा वर-खाली करतेय!” तपासनीस म्हणाला आणि एका पायात दुसऱ्याचीच चप्पल घालून जिना उतरला. मागून आत्तारामांचा मऊ आवाज आला, “श्वास... श्वास घ्या...” आणि त्याहून मागून काकूंचा, “अहो, चप्पल कापडवाल्यांची आहे!”

ऑफिस उघडताच तो साहेबांच्या खोलीत होता. साहेब पेनाचं टोपण लावत आणि काढत होते. त्यांचं सकाळचं काम तेच असे.

“साहेब, कोपऱ्यावरच्या इमारतीची लिफ्ट बंद करायला हवी.”

“कुणाची तक्रार आहे?”

“माझी.”

“तपासली कुणी होती?”

“मीच.”

“म्हणजे तुमची तुमच्याविरुद्ध तक्रार.” साहेब खुर्चीत रेलले. “माझ्या नोकरीत असं झालेलं नाही. दिलेलं सर्टिफिकेट रद्द करता येतं, नाही असं नाही. पण त्याला कारण लागतं. कारण या रकान्यात काय लिहू?”

“लिहा, तपासणीच्या वेळी तपासनीस वर्तमानात होता.”

“मग कुठे असायला हवा होता?”

“पुढच्या महिन्यात!”

साहेबांनी टोपण लावलं. “हे बघा, आज तुमचं बीपी आहे. दवाखाना खालीच आहे. आधी ते द्या. पास झालात तर तुम्हीच जाऊन बघा. नापास झालात तर तुमच्या जागी ज्याची नेमणूक होईल, तो बघेल.”

“आणि तोवर लिफ्ट?”

“तोवर काय? सर्टिफिकेट आहे ना तिच्याकडे.”

तपासनीस जिना उतरला. दवाखान्याच्या दारात कंपाउंडरने त्याला हाक मारली. आत पट्टा टेबलावर गुंडाळून ठेवलेला दिसत होता. आत जायचं, पाच मिनिटं गुडघ्याकडे बघत बसायचं, हात पुढे करायचा, की यंत्रखोल्या पुन्हा त्याच्या. अजून तसं काही बुडालं नव्हतं. पण असा घामाघूम होऊन पळत सुटला तर दंडाला पट्टा बांधायचीही गरज उरणार नव्हती. तो क्षणभर थांबला. हा एक क्षण त्याने खरोखर वर्तमानात काढला आणि तो त्याला अजिबात आवडला नाही. मग तो पळाला.

*

“बंद? का बंद?” व्यवस्थापक म्हणाला. “हे बघा सर्टिफिकेट. सही बघा.”

“ती सही माझी आहे.”

“मग?”

“मीच सांगतोय, तिच्यावर विश्वास ठेवू नका.”

“तुमच्यावर ठेवू की तुमच्या सहीवर? सहीखाली शिक्का आहे साहेब. तुमच्यावर कुठाय?”

तपासनिसाने औषधांच्या दुकानातलं स्टूल उचललं, लिफ्टच्या उंबऱ्यावर अर्धं आत अर्धं बाहेर ठेवलं आणि त्यावर बसला. दार येऊन त्याच्या खांद्याला लागे आणि परत जाई. दार मिटल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. इतका भरवसा त्याला अजून होता.

बघता बघता गर्दी जमली.

“काका, बसायला घर नाही का तुम्हाला?”

“अहो, दाढ ठणकतेय माझी, वर जायचंय!”

“जिन्याने जा.”

“दाढ ठणकत असताना जिना चढायचा? तुम्ही कोण, डॉक्टर?”

“लिफ्टतपासनीस आहेत म्हणे.”

“मग तपासा ना! बसलात काय?”

शिवणवर्गाच्या मुली खिदळत होत्या. एका हिशेबनिसाने त्याला ओलांडून आत शिरायचा प्रयत्न केला. तपासनिसाने त्याचा टाय धरला. सरकारी नोकराने नागरिकाचा टाय धरणं शोभत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो धरतानाही “माफ करा” म्हणाला. दार खांद्यावर आदळत राहिलं. खिशात फोन वाजला. बायको होती.

“अहो, डॉक्टरांच्या इथून फोन आला होता, तुम्ही पोचलाच नाहीत म्हणून! किती दिवस घालवलेत यासाठी! आहात कुठे?”

“लिफ्टच्या दारात बसलोय.”

“कुठल्या लिफ्टच्या?”

“कोपऱ्यावरच्या. दंतवैद्याच्या इमारतीत. तिचा ब्रेक घसरतोय आणि मी तिला पास केलंय. गेल्या आठवड्यात.”

पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. फोन कट झाला असं वाटून तो “हॅलो, हॅलो” करू लागला.

“उठू नका तिथून,” बायको म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काळजीच्या बाबतीत तिने त्याला इतका साधा पाठिंबा कधी दिला नव्हता. त्याला चुकल्यासारखं झालं.

शेवटी व्यवस्थापकच वैतागला. “दाखवून द्या मला. काय होतं ते दाखवा, नाहीतर मी पोलिसांना बोलावतो.”

“दाखवतो. रिकामी पाठवायची. आत कुणी जायचं नाही.”

तो यंत्रखोलीत चढला. शिडीवरच तेलाच्या वासाने त्याचे डोळे भरून आले. दिवा लावताच दिसलं. वरून तेल ठिबकून ब्रेकच्या पट्ट्या चकचकीत झाल्या होत्या. घरात आरसा म्हणून लावाव्यात इतक्या. गेल्या आठवड्यात एकदा इथे चढून बघितलं असतं तरी पुरलं असतं.

खालून रिकामी लिफ्ट वर निघाली. ती मजल्यांच्या मधोमध आली तेव्हा त्याने वीज तोडली. ब्रेक शाबूत असेल तर लिफ्ट जागच्या जागी थांबते.

ती थांबली नाही. दिवे विझलेली, आत कुणी नसलेली लिफ्ट तशीच वर चढत राहिली, रिकामी असल्याने दुसऱ्या टोकाचं वजन तिला ओढत होतं. शिवणवर्गाचा मजला गेला, हिशेबनिसांचा गेला, दंतवैद्याचाही गेला. ज्यांना वर जायची घाई होती ते सगळे जिन्याच्या बाजूच्या जाळीला नाक लावून तिला जाताना बघत होते. मग तळाच्या खड्ड्यात वजन असं आदळलं की औषधांच्या दुकानातल्या बाटल्या किणकिणल्या.

दाढवाला माणूस गालावरचा हात न काढता जिन्याकडे वळला.

*

डॉक्टरांनी दुपारी पट्टा बांधला, फुगवला आणि आकडा सांगायचंही टाळलं. तपासनीस आता आवक-जावकला बसतो. कोपऱ्यावरच्या इमारतीचा ब्रेक बदलला. सर्टिफिकेट अजून तेच आहे, कारण रद्द करायच्या कागदावर कारणाचा रकाना रिकामा आहे आणि तो कागद आवक-जावकलाच अडलेला आहे. साहेबांनी त्याला लेखी ताकीद दिली, टाय धरल्याबद्दल. लिफ्टचा त्यात उल्लेख नाही. आत्ताराम नव्या शिष्यांना त्याचं उदाहरण देतात, आठवड्याभरात बीपी कसं खाली आलं ते. पुढचं सांगत नाहीत. पुढचं त्यांच्या शास्त्रात बसत नाही.

घरी तो पुन्हा गॅस बघतो. मुलीला फोन करतो. मुलगी “काय हो बाबा” म्हणते आणि पहिल्या घंटीला फोन उचलते. बायको टिंगल करत नाही. झोपताना तीच विचारते, “कडी बघितलीत का?” त्याने हो म्हटलं तरी म्हणते, “पुन्हा बघा.” हिला एकाएकी काय झालं, याची त्याला अलीकडे काळजी वाटते.

सही झाल्यापासून लिफ्ट बंद पडेपर्यंतच्या त्या आठवड्यात बायको एकदा एकटी आणि एकदा मुलीला घेऊन त्याच लिफ्टने दंतवैद्याकडे जाऊन आली होती; दाढ किडली होती, आणि त्याला काळजी नको म्हणून तिने घरात सांगितलं नव्हतं.